आधी लोखंड द्या, मग समाधान मोजा

कार्यसमाधान हा एम.एड.च्या प्रबंधांचा आवडता विषय आहे. प्रश्नावली येते. ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ असे पाच रकाने असतात. शिक्षकाने खुणा करायच्या, संशोधकाने सरासरी काढायची. आयटीआयच्या निदेशकापुढे अशी प्रश्नावली ठेवणार असाल, तर माझा एक प्रश्न सर्वांत वर घाला : या सत्रात तुमच्या वर्कशॉपला माल वेळेवर मिळाला का?

उत्तर ‘नाही’ आले तर पुढची पाने उलटू नका. त्या माणसाचे वय, स्वभाव, सेवेची वर्षे आणि त्याचे समाधान यांचे नाते शोधत बसू नका. फिटर शिकवायला लोखंड लागते. वेल्डिंग शिकवायला इलेक्ट्रोड लागतात. वायरमन शिकवायला तार लागते. ते मिळाले नाही, तर तो माणूस शिक्षक राहत नाही, हजेरी घेणारा कर्मचारी होतो. आणि शिकवायला आलेल्या माणसाचे मन हजेरी घेऊन भरत नाही.

*

पारगावातून पाहा, म्हणजे हा विषय किती जवळचा आहे ते कळेल. जुन्नर तालुक्यातले पारगाव तर्फे आळे घ्या, नाहीतर आंबेगाव तालुक्यातले कारखान्याचे पारगाव घ्या. ऊस आहे, पाण्याच्या मोटारी आहेत, ट्रॅक्टर आहेत, दूध आहे, कांदा-बटाटा आहे. कारखान्याच्या पारगावात, दत्तात्रयनगरला, भीमाशंकर सहकारी साखर कारखाना आहे. साखर कारखान्याचा गाळप हंगाम सगळ्यांना दिसतो. हंगाम संपल्यावरचे ओव्हरहॉलिंग फार थोड्यांना दिसते. मिलचे रोलर उतरवायचे, बेअरिंगे तपासायची, पंप खोलायचे, बॉयलरच्या नळ्या साफ करायच्या, झिजलेले भाग लेथवर चढवायचे. ही कामे फिटर करतो, टर्नर करतो, वेल्डर करतो, इलेक्ट्रिशियन करतो. त्यांचा हात चुकला तर पुढच्या हंगामात मिल थांबते आणि तोडलेला ऊस वाळत पडतो.

शेताकडे या. शेतीला वीज रात्रीची, उसात बिबट्या, आणि नेमकी तेव्हाच मोटार जळते. त्या वेळी गाव ज्याला हाक मारते, तो पोरगा पदवीधर आहे की नाही हे कुणी विचारत नाही. त्याला स्टार्टर खोलता येतो का, एवढेच विचारतात. तोच पोरगा उद्या चाकणला जातो, रांजणगावला जातो, कंपनीत मशीनवर उभा राहतो आणि घरी पैसे पाठवतो.

या पोरांना कुणीतरी शिकवले आहे. काही जण गॅरेजमध्ये मिस्त्रीच्या हाताखाली शिकले, काही आयटीआयत निदेशकाच्या हाताखाली. गावाला कारखान्याच्या संचालकांची नावे पाठ आहेत. पोराच्या निदेशकाचे नाव किती बापांना सांगता येईल? प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

*

आता समाधान म्हणजे काय ते बघू. फ्रेडरिक हर्झबर्ग नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे दोनशे अभियंत्यांना आणि हिशेबनिसांना विचारले होते, कामावर सर्वांत बरे कधी वाटले आणि सर्वांत वाईट कधी? त्यावरचे त्याचे पुस्तक १९५९ साली आले. उत्तरांचे दोन वेगळे गठ्ठे पडले. वाईट वाटण्याच्या गठ्ठ्यात पगार, नियम, साहेबाची वागणूक, कामाची जागा. बरे वाटण्याच्या गठ्ठ्यात काही साधल्याचा आनंद, कौतुक, जबाबदारी, बढती आणि खुद्द ते काम.

निदेशकाच्या कामात यातला आनंद पहिल्या दिवसापासून असतो. फिटर ट्रेडचा मुलगा सुरुवातीला फायलिंग करतो. माइल्ड स्टीलचा तुकडा व्हाइसमध्ये धरायचा, फाईल चालवायची, ट्राय स्क्वेअर लावून उजेडाकडे धरायचा. फटीतून उजेड दिसला की पुन्हा फाईल. हाताला फोड येतात. मुलगा विचारतो, ‘सर, झालं ना आता?’ सर तुकडा उजेडाला धरतात आणि परत देतात. असे कितीदा तरी होते. मग एक दिवस फट दिसत नाही. त्या दिवशी मुलाचा चेहरा पाहिलेला निदेशक दुसऱ्या दिवशी वेळेआधी कामावर येतो.

इतिहासाच्या शिक्षकाला आपले शिकवणे मुलात उतरले का, हे कळायला निकालाची वाट पाहावी लागते. निदेशकाला ते संध्याकाळपर्यंत कळते. मोटार फिरली किंवा फिरली नाही. जोड टिकला किंवा सुटला. जॉब गेजमध्ये बसला किंवा बसला नाही. कामाचा पुरावा इतक्या लवकर हातात देणारी शिक्षकाची दुसरी नोकरी मला माहीत नाही. पुढे कधीतरी चाकणहून फोन येतो, ‘सर, ऑपरेटरचा सेटर झालो.’ पगारपत्रकात या फोनचा रकाना नसतो, पण त्याच्यावर निदेशकाचे वर्ष निघते.

म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. व्यवसाय शिक्षकाला समाधान बाहेरून आणून द्यावे लागत नाही. ते त्याच्या कामातच आहे. आपण ते रोज त्याच्याकडून काढून घेतो. चार प्रकारे काढून घेतो.

*

पहिली चोरी मालाची.

मंजुरी उशिरा, खरेदी उशिरा, माल अपुरा. कोरड्या विहिरीच्या काठावर उभे करून पोहायला शिकवा म्हणण्यासारखे आहे हे. जो निदेशक हार मानत नाही तो ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून कटिंगचे उरलेले तुकडे मागून आणतो, भंगारातून जुनी मोटार आणतो, प्रसंगी इलेक्ट्रोडचे पाकीट स्वतःच्या पैशांनी घेतो. आपण त्याला ‘तळमळीचा शिक्षक’ म्हणतो आणि मोकळे होतो. त्याच्या तळमळीवर शासनाचा खर्च भागवणे बंद करा.

२००७-०८ मध्ये केंद्राने देशातल्या १,३९६ शासकीय आयटीआयसाठी योजना आणली. प्रत्येक संस्थेला अडीच कोटींचे बिनव्याजी कर्ज आणि उद्योजक अध्यक्ष असलेली संस्था व्यवस्थापन समिती. ही समिती जिथे आहे तिथे तिच्या प्रत्येक बैठकीचा पहिला विषय कच्चा माल असला पाहिजे. इमारतीचा रंग नंतर. स्वागत कमान त्याच्याही नंतर.

दुसरी चोरी नोकरीची.

आयटीआयत ‘तासिका तत्त्वावर’ निदेशक नेमतात. जेवढे तास तेवढे पैसे. संस्थेला सुट्टी लागली की त्याची कमाई थांबते. दोन वर्षांच्या ट्रेडमध्ये मुलगा दोन वर्षे टिकेल अशी अपेक्षा आपण करतो. पुढच्या सत्रात आपण असू की नाही हे त्याच्या सरांना माहीत नसते. व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाने २०२२ मध्ये शिल्प निदेशकांच्या १,४५७ पदांची जाहिरात काढली. एका जाहिरातीत इतकी पदे निघतात, याचा अर्थ ती आधी बराच काळ साचलेली असतात. साचलेल्या प्रत्येक पदामागे एक युनिट असते आणि त्या युनिटमध्ये मुले असतात.

शाळांमधली गोष्ट आणखी वाईट. समग्र शिक्षा अभियानात नववी ते बारावीला व्यवसाय विषय आले. ऑटोमोबाइल आहे, रिटेल आहे, आरोग्यसेवा आहे, ब्यूटी अँड वेलनेस आहे. विषय शाळेचा, परीक्षा मंडळाची, वर्ग शाळेतला. शिक्षक मात्र बाहेरच्या संस्थेच्या कंत्राटावर. मुले त्याला सर म्हणतात, बाईंना मॅडम म्हणतात, पण शिक्षक खोलीत त्यांची जागा ‘तुमच्या कंपनीचा माणूस’ म्हणूनच राहते. मानधन लांबले की मुख्याध्यापक संस्थेकडे बोट दाखवतात, संस्था कार्यालयाकडे, कार्यालय निधीकडे. हर्झबर्गच्या वाईट गठ्ठ्यात जे जे होते ते सगळे एका माणसाच्या वाट्याला देऊन वर त्याचे समाधान मोजणे हा अन्याय आहे.

तिसरी चोरी वेळेची.

पोर्टलवर नोंदी, छायाचित्रे, ऑनलाइन हजेरी, अहवाल, निवडणुकीचे काम, रिकाम्या जागा भरण्यासाठी गावोगाव प्रवेशाचा प्रचार. ज्या तासाला तो मुलाच्या हाताशेजारी उभा असायला हवा, त्या तासाला तो संगणकापुढे बसलेला असतो. ग्राइंडरवर पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या मुलाच्या शेजारी निदेशक नसणे हा कामातला ढिसाळपणा तर आहेच, तो जिवाशी खेळ आहे. वर्कशॉप चालू असताना निदेशकाला कागदाच्या कामासाठी बोलवायचे नाही, असा नियम करा आणि तो पाळा.

चौथी चोरी मानाची.

ही सर्वांत जुनी आणि सर्वांत खोल. २०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आणली. दरमहा विद्यावेतन असे ठरले : बारावीला ६ हजार, आयटीआय आणि पदविकेला ८ हजार, पदवीला १० हजार. दोन वर्षे लेथवर, मोटारीवर, वायरिंगवर हात बसवलेल्या मुलाला कोणत्याही पदवीधराहून कमी. शासन म्हणेल, शिक्षणाच्या वर्षांप्रमाणे रक्कम ठरवली. वर्षे मोजणे सोपे आहे म्हणून वर्षे मोजली. कामावर पहिल्या दिवशी कोण काय करू शकतो, हे मोजले असते तर तक्ता वेगळा निघाला असता. पारगावातल्या आई-बापांनी तो तक्ता वाचला आहे. त्यांना त्यातून जे समजायचे ते समजले.

जर्मनीत याच प्रश्नाचे उत्तर वेगळे दिले आहे. तिथल्या पात्रतेच्या चौकटीत हस्तव्यवसायातला ‘माइस्टर’, म्हणजे परीक्षा देऊन उस्ताद झालेला कारागीर, आणि विद्यापीठाचा पदवीधर हे दोघेही सहाव्या पायरीवर आहेत. एकाच पायरीवर. शिवाय कंपनीत शिकाऊ मुलांना शिकवायचे असेल तर कारागिराला शिकवण्याची पात्रताही वेगळी सिद्ध करावी लागते. काम येणे निराळे आणि काम शिकवता येणे निराळे, हे तिथे मान्य आहे. शिकवणाऱ्याचे कसब तिथे मोजले जाते, म्हणून त्याला किंमतही आहे.

आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बाराव्या पंचवार्षिक योजनेचे आकडे दिले आहेत. १९ ते २४ वयाच्या कामकऱ्यांत औपचारिक व्यवसाय शिक्षण मिळालेले भारतात ५ टक्क्यांहून कमी, अमेरिकेत ५२, जर्मनीत ७५, दक्षिण कोरियात ९६ टक्के. त्याच धोरणाने २०२५ पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख करून देण्याचे लक्ष्य ठेवले. लक्ष्य विद्यार्थ्यांचे ठेवले, तारीखही घातली. मग शिकवणाऱ्यांच्या कायम नेमणुकीलाही तारीख घालायला हवी होती.

*

घोषणा थांबलेल्या नाहीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यात ५११ प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रांचे उद्घाटन एकाच दिवशी झाले. २०२४ मध्ये राज्यातल्या काही आयटीआयना थोर व्यक्तींची नावे दिली गेली. मे २०२५ मध्ये केंद्राने ६० हजार कोटींची आयटीआय सुधारणा योजना मंजूर केली, त्यात १ हजार शासकीय आयटीआय आणि ५० हजार प्रशिक्षकांचे प्रशिक्षण आहे. हे शेवटचे कलम मला मनापासून आवडले. पण प्रशिक्षण घेऊन परत आलेला निदेशक पुन्हा तासावरच बसणार असेल आणि वर्कशॉपमध्ये पुन्हा मालाची वाट पाहणार असेल, तर ते प्रशिक्षण तो घेऊन कंपनीत जाईल. त्याला दोष देता येणार नाही.

एक गोष्ट मी निदेशकांच्या बाजूने बोलतानाही लपवणार नाही. कायम नोकरी मिळाल्यावर वर्कशॉपकडे पाठ फिरवणारे निदेशक आहेत. मुलांच्या वह्या भरून घेतात, जॉब जुने दाखवतात, मशीनवरची धूळ पुसत नाहीत. त्यांच्यामुळे मुलांची दोन वर्षे जातात आणि शेजारच्या युनिटमध्ये मन लावून शिकवणाऱ्याचे नाव खराब होते. त्यांची जरूर तपासणी करा, मुलांच्या हातातून करा. मुलाला व्हर्नियर वाचता येतो का, मोटारीचे कनेक्शन करता येते का, ते बघा. पण कामचुकार माणसाचे निमित्त करून सगळ्यांना कंत्राटावर ठेवू नका. असुरक्षित नोकरीत चांगला माणूस आधी निघून जातो, कारण त्याला बाहेर काम मिळते.

*

मार्ग सापडत नाही असे कुणी म्हणू नये. तो शेजारच्या तालुक्यात सापडला आहे. शिरूर तालुक्यातले पाबळ पारगावपासून फार लांब नाही. १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. माणूस अमेरिकेतून अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट घेऊन आलेला, हिंदुस्तान लिव्हरमध्ये संशोधक. मोठी नोकरी सोडली आणि पाण्याची टंचाई असलेल्या गावात येऊन शाळा सोडलेल्या पोरांना हाताने काम करायला लावले. वेल्डिंग, बांधकाम, वायरिंग, शेती, जनावरे, आरोग्याच्या साध्या तपासण्या. एका मुलाने सगळे थोडे थोडे शिकायचे.

तिथूनच शाळांसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय तयार झाला. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस काम करायचे, आणि ते काम गावाच्या उपयोगाचे असले पाहिजे. माती तपासून द्यायची, रक्तगट तपासायचा, लोखंडी स्टँड बनवून द्यायचा, वायरिंग दुरुस्त करायचे. शिकवायला गावातलाच कसबी माणूस निदेशक म्हणून घ्यायचा. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा, उभी राहिली ती याच पाबळमध्ये. कलबाग २००३ मध्ये गेले, पण त्यांची ही पद्धत टिकली.

या पद्धतीत शिक्षकाच्या समाधानाचा प्रश्न मुळातूनच सुटतो. मुलाने केलेला जॉब मार्क देऊन कपाटात पडत नाही, तो कुणाच्या तरी घरी, शेतात, शाळेत वापरला जातो. वापरणारा पैसे देतो, म्हणजे मालाचा खर्च निघतो. काम बिघडले तर तो परत आणतो, म्हणजे शिक्षण खरे होते. आणि गावाला शिक्षकाचे नाव कळते, कारण गाव त्याच्या दारात येते. माल, मान आणि कामाचा अर्थ एकाच व्यवहारातून येतात. कायम नेमणूक मात्र यातून मिळत नाही. ती शासनानेच द्यायची आहे.

*

म्हणून पारगावने काय करावे, ते नेमके सांगतो.

कारखान्यांनी ओव्हरहॉलिंगच्या काळात आसपासच्या आयटीआयच्या निदेशकांना आपल्या वर्कशॉपमध्ये बोलवावे. नवे पंप, नवे ड्राइव्ह, नवी नियंत्रण यंत्रे त्यांना खोलून बघू द्यावीत. मशीन बदलत गेले आणि निदेशक जुनाच राहिला तर तोटा कारखान्याचाच आहे. लेथवरून उतरलेले, अजून कामात येईल असे लोखंड भंगाराच्या भावाने विकण्याआधी आयटीआयला द्यावे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली घेतलेल्या मुलांचा अहवाल त्यांच्या निदेशकाला पाठवावा. आपला मुलगा कुठे कमी पडला हे त्याला कळले, तर पुढची तुकडी सुधारेल.

ग्रामपंचायतीने शाळेचे मोडलेले बाक, सार्वजनिक जागेचे गेट, पाणीपुरवठ्याच्या पंपाची दुरुस्ती यांतली झेपणारी कामे निदेशकाच्या देखरेखीखाली मुलांना द्यावीत आणि त्याचे बिल वेळेवर चुकते करावे. काम पूर्ण झाले की त्यावर मुलांची आणि निदेशकाची नावे घालावीत. पुढाऱ्यांच्या नावांच्या पाट्या गावात पुष्कळ आहेत.

अवसरी खुर्दला शासकीय तंत्रनिकेतन आहे आणि शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. त्यांच्या प्राध्यापकांनी आणि आयटीआयच्या निदेशकांनी वर्षातून काही दिवस एकमेकांच्या वर्गात शिकवावे. अभियांत्रिकीच्या मुलांना फाईल धरायची कशी हे निदेशक दाखवेल, आयटीआयच्या मुलांना मोटारीमागचे गणित प्राध्यापक समजावतील. दोघांनाही एकमेकांचे मोल कळेल.

आई-बापांनी एकदा वर्कशॉपमध्ये जावे. मार्कांबद्दल विचारू नये. पोराने काय बनवले ते हातात घेऊन बघावे आणि ज्याने शिकवले त्याच्याशी दोन शब्द बोलावेत.

शासनाने सत्र सुरू होण्याआधी माल पोहोचवावा, तासिकेवरच्या आणि कंत्राटी शिक्षकांचे मानधन दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला द्यावे, आणि जिथे युनिट कायम आहे तिथे निदेशकही कायम नेमावा. यात नवी योजना लागत नाही, नवे नाव लागत नाही, उद्घाटन लागत नाही.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. ग्रामसभा या चारही दिवशी भरते. त्यातल्या पुढच्या सभेत उभे राहा आणि ठराव मांडा : आमची पोरे ज्या आयटीआयत आणि ज्या शाळेत व्यवसाय शिकतात, तिथल्या प्रत्येक युनिटला माल आणि कायम निदेशक मिळाला पाहिजे. कुणाकडून मिळाला पाहिजे ते लिहा, कोणत्या तारखेपर्यंत ते लिहा. तारीख नसलेल्या ठरावाला हात वर करू नका.